गाडी आपली, मग दुरुस्तीची किल्ली कंपनीकडे का?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत छोट्या लक्झरी एसयूव्हींवर पानभर मजकूर आला होता. सनरूफ, आतली लाइटिंग, सीटचं लेदर, शून्य ते शंभर किती सेकंदात, सगळं होतं, पण वॉरंटी संपल्यावर ही गाडी सांभाळायला काय लागतं यावर एक ओळसुद्धा नव्हती, म्हणून हे पत्र लिहितोय.

2021 साली मी अशीच एक गाडी सेकंडहँड घेतली. 2016 चं मॉडेल, दोन लिटर टर्बो पेट्रोल, सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, 48 हजार किलोमीटर चाललेली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हा प्रश्न एका कंपनीचा नाहीये, थोड्याफार फरकाने सगळ्यांचं असंच चाललंय. गाडी चालवायला फार सुंदर आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पुढच्याच वर्षी बहिणीकडे बेळगावला निघालो होतो आणि कागलच्या पुढे कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी झाल्याचा मेसेज आला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर गोडसर वास, आणि इंजिनच्या कडेला गुलाबी पांढरी खपली धरलेली. बाटलीतलं पाणी घालत घालत तसाच मागे फिरलो आणि उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींकडे आलो. त्यांनी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाच मिनिटांत सांगितलं की इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनला हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या) खाली वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं (तापमान सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हचं) एकत्र हाऊसिंग, म्हणजे कवच, आहे, ते प्लॅस्टिकचं आहे आणि तिथूनच गळतंय. पार्ट मिळाला तर मी बसवतो म्हणाले, पण पार्ट कोल्हापुरात मिळेना, आणि आमच्या गाडीचं कंपनीचं वर्कशॉप सगळ्यात जवळचं म्हणजे पुण्याला. फ्लॅटबेडवर टाकून सव्वादोनशे किलोमीटर नेली, त्याचेच साडेचौदा हजार झाले. तिकडचं बिल टॅक्स धरून 62 हजार 400.

मी जुना पार्ट मागून घेतला. हातात धरून उजेडात बघितला तर जोडावर केसाएवढी बारीक चीर, नखाला जेमतेम लागत होती. इंजिन रोज नव्वद शंभर डिग्रीपर्यंत तापतं आणि परत गार होतं, वर्षानुवर्षं हे चाललं की प्लॅस्टिक कडक होतं आणि जोडावर उकलतं, हे मिस्त्रींनी मला एका वाक्यात सांगितलं. मग इतक्या तापणाऱ्या जागेवर, इतक्या महागड्या गाडीत, प्लॅस्टिकच का? वजन आणि खर्च वाचतो हे मला कळतं, पण वाचलेला खर्च कंपनीचा आणि पाच सहा वर्षांनी होणारा खर्च गिऱ्हाईकाचा, हे मला पटत नाही. काही गाड्यांसाठी आता बाहेर ॲल्युमिनियमचं हाऊसिंग मिळायला लागलंय, म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं.

दुसरा दणका 2024 मध्ये. 71 हजार किलोमीटर झाले होते. तावडे हॉटेलच्या चौकात ट्रॅफिकमध्ये गाडी दुसऱ्या गिअरला झटके द्यायला लागली आणि डिस्प्लेवर गिअरचा आकडा लुकलुकायला लागला. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, एक 1, 3, 5, 7 साठी आणि दुसरा 2, 4, 6 साठी, आणि कुठला क्लच कधी दाबायचा ते मेकॅट्रॉनिक नावाचं युनिट ठरवतं, त्यात ऑइलचे व्हॉल्व्ह, ते विजेवर उघडबंद करणारे सोलेनॉइड, सेन्सर आणि कॉम्प्युटर सगळं एकत्र असतं. कंपनीच्या वर्कशॉपने सांगितलं, पूर्ण युनिट बदला, 2 लाख 65 हजार, लेबर वेगळं. मी विचारलं की नेमकं बिघडलंय काय, तर म्हणे आम्ही आतलं उघडत नाही, असेंब्लीच येते.

शेवटी पुण्यातच फक्त गिअरबॉक्सचं काम करणारं एक खासगी वर्कशॉप सापडलं. त्यांनी युनिट उघडलं, दोन सोलेनॉइड बदलले, ऑइल आणि फिल्टर नवीन टाकला, गाडीला परत शिकवणी दिली (क्लच कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला नव्याने शिकवावं लागतं), आणि सहा दिवसांत 74 हजारात गाडी हातात दिली. तेव्हापासून 22 हजार किलोमीटर झाले, एक झटका नाही. त्यांनीच मला दाखवलं की आधीच्या मालकाने गिअरबॉक्स ऑइल कधी बदललंच नव्हतं, जुनं ऑइल काळं झालेलं आणि मॅग्नेटवर लोखंडाचा चिखल जमलेला. सेकंडहँड घेणाऱ्यांनी रंग आणि टायर बघण्याआधी या ऑइलचं बिल मागावं. मी मागितलं नाही आणि ते मला महागात पडलं.

आमच्या एका डॉक्टर मित्राची डिझेल गाडी आहे, त्याची वेगळीच कथा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस6, म्हणजे धुराचे कडक नियम, आले, त्यामुळे डिझेल गाडीच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. जमलेली काजळी साधारण सहाशे डिग्रीला जळून जाते, पण त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर एका लयीत काही वेळ पळायला लागते. मित्राचं रोजचं जाणं घर ते दवाखाना चार किलोमीटर, मध्ये सिग्नल. फिल्टर तुंबला, दिवा लागला, त्याला दिव्याचा अर्थच माहीत नव्हता, आणि नंतर फिल्टर बदलायचं कोटेशन आलं 1 लाख 90 हजारांचं. दिवा लागल्या लागल्या हायवेवर अर्धा तास चालवली असती तर बहुतेक तिथंच निभावलं असतं. गाडी विकताना सेल्समनने त्याला एवढंच विचारायला हवं होतं की डॉक्टर, तुमचं रोजचं रनिंग किती? चार किलोमीटर ऐकल्यावर पेट्रोल घ्या म्हणून सांगणं त्या सेल्समनचं काम होतं.

बाकी रन फ्लॅट टायर, म्हणजे हवा गेल्यावरही साधारण ऐंशीच्या स्पीडने ऐंशी किलोमीटर जाणारे, चांगलीच सोय आहे, पण आपल्या खड्ड्यात साइडवॉल कापली की टायर गेला, आणि अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते. मला एक टायर साडेचोवीस हजारांना पडला. आणि साध्या इन्शुरन्समध्ये मेकॅनिकल बिघाड बसत नाही, अपघात झाला तरी झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टची निम्मी किंमत आपल्यालाच भरावी लागते, हेही लोकांना क्लेमच्या वेळी कळतं.

लोक म्हणतील हत्ती पोसायची ऐपत नसेल तर दारात बांधू नये. साहेब, माझी ऐपत आहे आणि मी पैसे भरलेतही. पण दोन सोलेनॉइड गेले म्हणून अख्खं चांगलं युनिट भंगारात टाकायचे पैसे मी का द्यायचे? आणि यात फक्त माझं नुकसान नाहीये. जुन्या काळचे नामी कारागीर म्हादबा मेस्त्री यांच्या या गावात इंजिन उघडून दुरुस्त करणाऱ्यांच्या पिढ्या घडल्या, आमच्या मिस्त्रींचा मुलगा डिप्लोमा करून स्कॅनर घेऊन बसलाय, पण नवीन पार्ट बसवला की कंपनीच्या सर्व्हरवरून ऑनलाइन कोडिंग करावं लागतं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला त्या पार्टची ओळख करून द्यावी लागते, आणि ते त्याला मिळत नाही. हात आहे, डोकं आहे, मशिन आहे, फक्त परवानगी नाही.

हे काही मी नव्याने सांगत नाहीये. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून कॉम्पिटिशन कमिशनने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने) ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींच्या वर दंड ठोठावला होता, आणि मुद्दा हाच होता की स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेलं. मग जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने राइट टू रिपेअरसाठी समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं, त्यात गाड्या पण आहेत. पण पोर्टलवर कंपनीने स्वतःच्याच वर्कशॉपचे पत्ते टाकले तर त्याला दुरुस्तीचा हक्क म्हणता येत नाही. पार्टचे दर उघड पाहिजेत, आतले छोटे पार्ट सुटे मिळाले पाहिजेत, आणि कोडिंगचं सॉफ्टवेअर वाजवी फी घेऊन कुठल्याही गॅरेजला मिळालं पाहिजे, आणि हे कायद्याने बंधनकारक पाहिजे. पार्टवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 चा 18 टक्के झाला हे चांगलंच झालं, पण अडीच लाखांच्या युनिटवर टॅक्स कमी होऊन किती फरक पडणार.

तुम्हाला एक विनंती आहे. पुढच्या वेळी गाडीची माहिती छापाल तेव्हा खाली एक छोटा चौकोन द्या: वॉटर पंप, गिअरबॉक्स ऑइल, मेकॅट्रॉनिक, ब्रेक पॅड, टायर, एवढ्या पाच गोष्टींचे दर कंपनीला विचारून छापा. दिले नाहीत तर दिले नाहीत असं छापा. माझी सगळी बिलं जपून ठेवलीत, तुमच्या वार्ताहराला बघायची असतील तर कधीही या. तो चिरलेला जुना पार्ट मिस्त्रींच्या गॅरेजात खिळ्याला लटकवलाय, जुनी गाडी घ्यायच्या आधी तपासायला कुणी आलं की ते आधी तो काढून हातात देतात.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर