जेट्टीशेजारी एक उतारही बांधा

महोदय,

खाडीकाठच्या नव्या जेट्टीचे भूमिपूजन झाल्याची बातमी, सोबत नारळ फोडतानाचा फोटो, आपल्या अंकात अधूनमधून असते. जेट्ट्या व्हायलाच हव्यात. पण लहान होडी गाडीमागे लावून आणणाऱ्याला किंवा पावसाळ्याआधी होडी वर ओढणाऱ्याला त्या जेट्टीचा काडीचा उपयोग होत नाही. त्याला हवा असतो ट्रेलर थेट पाण्यापर्यंत नेता येईल असा सिमेंटचा उतार. त्याबद्दल चार ओळी लिहितो.

मी एसटीच्या कार्यशाळेतून यांत्रिक म्हणून निवृत्त झालो. घर दाभोळ खाडीच्या दक्षिण काठाला, आणि कलमांची बाग समोरच्या काठाला. धोपावे-दाभोळ फेरीबोट आहे, पण तिच्या धक्क्यापासून बाग बरीच आत. हंगामात पेट्या आणायला टेम्पो, फेरी, पुन्हा टेम्पो हा द्राविडी प्राणायाम नको म्हणून अलिबागकडे एका मुंबईकर गृहस्थांची १६ फुटी फायबरची होडी घेतली. वापरलेली, २५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड मशीन लावलेली, ट्रेलरसकट.

जुनी होडी घेताना रंग बघून भुलू नये. मशीन जिथे टांगतात त्या मागच्या फळ्यावर मी हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. फायबरच्या आत प्लायवूड असते. ते पाणी पिऊन कुजले की आवाज बद्द येतो. एका कोपऱ्यात तसा आला, तेवढे पैसे कमी करून घेतले. मग मशीनच्या पायाचा खालचा स्क्रू सैल करून गिअर ऑइल बोटावर घेतले. दुधाळ निघाले तर सील गेलेले असते आणि पाणी आत शिरलेले. हे काळपट होते, पण दुधाळ नव्हते. मालक मशीन कोरडेच सुरू करून दाखवायला निघाले होते. “काका, फक्त पाच सेकंद!” म्हणे. हात धरून थांबवले. पाणी खेचणाऱ्या पंपाची पाती रबराची असतात, कोरडी फिरली की लगेच जळतात. बागेच्या नळाचा पाइप जोडला, मागून पाण्याची बारीक धार नीट सुटलेली पाहिली, मगच व्यवहाराचे बोललो.

याआधी दुसरी एक होडी पाहिली होती. जास्त चांगली होती, पण तिच्या ट्रेलरला नंबर नव्हता. “ट्रेलरला कोण विचारतंय?” असे उत्तर मिळाले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो. होडीचे कागद सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयाचे, ट्रेलरचे आरटीओचे. ही दोन वेगळी खाती आहेत हे विकणाऱ्यांनाच माहीत नसते. घाटात काही झाले तर विमा कंपनी आधी कागद मागणार, होडीचा रंग नव्हे. ती होडी सोडून दिली.

घरची बोलेरो आहे. होडी, मशीन, ट्रेलर मिळून साधारण ६०० किलो. ट्रेलरच्या नाकाचा भार गाडीच्या हुकावर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास यावा लागतो, म्हणजे इथे ६० किलो. तो कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि मग गाडी आवरत नाही. घरातला वजनाचा काटा सोबत नेला होता, त्यावर नाक टेकवून पाहिले. कमी भरले, तेव्हा पेट्रोलची टाकी आणि नांगर मागून उचलून पुढे बांधला. साखळ्या नाकाखालून फुलीसारख्या अडकवल्या, म्हणजे हुक निसटलाच तर नाक रस्त्यावर न आपटता साखळीत झेलले जाते. ट्रेलरला ब्रेक नाहीत, त्यामुळे उतारावर दुसरा गिअर आणि मागच्यांचे हॉर्न, दोन्ही मुकाट्याने सोसायचे.

महामार्ग टाळून किनाऱ्याने आलो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी आणि शेवटी दाभोळ-धोपावे, तिन्ही खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या. म्हणजे होडी होडीवर बसून घरी आली. एका फेरीवरच्या पोराने विचारलेच, “काका, हिचं तिकीट गाडीचं फाडू की होडीचं?” ओहोटीला फेरीचा पत्रा आणि धक्क्याचा उतार यांचा कोन असा पडतो की ट्रेलरचे शेपूट घासते. मशीन वर उचलून खाली लाकडाचा ठोकळा देऊन बांधले होते, म्हणून पंखा वाचला.

एवढे सगळे नीट पार पडले आणि घात झाला तो घरापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडची जेट्टी उंच, कडेला कठडा, उतरायला पायऱ्या. भरती-ओहोटीत पाणी पुरुषभर खालीवर होते. प्रवासी होडीसाठी हे ठीक आहे, ट्रेलर मात्र पाण्यापर्यंत नेणार कुठून? बाजूला गुडघाभर चिखल. शेवटी माडाचे ओंडके टाकून, वाडीतल्या पोरांना हाका मारून, उधाणाच्या भरतीला होडी ढकलत नेली. तळाला चरे पडले ते पडलेच.

आमच्या भागात ट्रेलर सहज मागे घेता येईल असे सिमेंटचे उतार मला फेरीबोटीच्या धक्क्यांवरच दिसले. तिथे गाड्यांची रांग असते, त्यामुळे ते लोक आपल्याला थांबू देत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे.

म्हणून मागणी एवढीच आहे, की प्रत्येक नव्या जेट्टीच्या आराखड्यात शेजारी एक उतार धरावा. रुंदी एका गाडीपुरती. दर सात-आठ फुटांना एक फूट उतार. याहून उभा असेल तर गाडीची चाके शेवाळावर फिरतात, याहून सपाट असेल तर होडी तरंगेपर्यंत गाडीचे सायलेन्सर पाण्यात जाते. सिमेंटवर आडव्या खाचा हव्यात. आणि खालचे टोक मोठ्या ओहोटीच्याही खाली न्यावे, नाहीतर दिवसातून थोडा वेळच वापरता येणारे बांधकाम होईल. वर एक गोड्या पाण्याचा नळ दिला तर उत्तम, कारण खाऱ्या पाण्यातून निघालेल्या ट्रेलरची बेअरिंगे न धुता ठेवली तर पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाहीत.

हौशी लोकांच्या बोटींसाठी सरकारने खर्च का करावा, असे कोणी विचारेल. १ जूनला मासेमारी बंद होते तेव्हा लहान फायबर होड्या वर ओढायला किती माणसे लागतात, ते त्यांनी एकदा येऊन पाहावे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले ते आमच्या दाभोळ खाडीला येऊन मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीच्याच पाण्यात. बचाव पथके होड्या घेऊन बाहेरून आली. खाडीकाठच्या गावांत होड्या होत्या, पण त्या दिवसांत शाकारून ठेवलेल्या, आणि चटकन गाडीमागे लावून नेता येतील अशा ट्रेलरवर थोड्याच. ट्रेलर लोक आपल्या पैशाने घेतील. उतार मात्र बंदर खात्यालाच बांधावा लागेल. जिल्हा नियोजनाच्या पुढच्या बैठकीआधी आमच्या लोकप्रतिनिधींनी खाडीकाठच्या गावांकडून जागा सुचवून घ्याव्यात. आमच्या वाडीतली जागा मी दाखवू शकतो, तिथे तळाला कातळ आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी यांत्रिक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी