एक्स्पोर्टच्या घडाची तपासणी होते, आमच्या पोरींची कधी होणार?

सांगली जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

तासगाव तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत ३१ वर्षे शिकवून मी मागच्या मे महिन्यात निवृत्त झाले. सासर द्राक्षबागायतदारांचं. तीन एकर बाग, तिच्यावर सोसायटीचं कर्ज, नोव्हेंबरात आभाळ आलं की घरात कुणाला घास गोड लागत नाही, हे सगळं मी भोगलं आहे. तेव्हा बागेवरच्या औषधांनी आमच्या मुलांच्या शरीरात काय होतं ते मोजा, एवढं मागणारं हे पत्र शेतकऱ्याच्या विरोधातलं नाही. ते त्याच्याच सोप्यात (घराच्या पडवीत) बसून लिहिते आहे.

माझ्या शेवटच्या शाळेच्या पाठीमागे तारेचं कुंपण आणि कुंपणाला लागून बाग. फळछाटणी होऊन फुटवे निघाले की दव उतरायच्या सुमाराला, म्हणजे नेमका परिपाठ चालू असताना, तिथे ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, सुरू व्हायचा. प्रार्थना त्या आवाजात बुडून जायची. मागोमाग पांढुरका फवारा ओळींवरून उठून कुंपणाच्या अलीकडे यायचा. पहिलीतली पोरंसुद्धा कुणी न सांगता फ्रॉकचा घेर, शर्टाची बाही नाकाला लावायची. शेडमध्ये खिचडी शिजवणाऱ्या मावशी घाईने पातेल्यावर झाकण टाकायच्या. दहा-पंधरा मिनिटांनी ओला वास तेवढा उरायचा आणि आम्ही पाढे सुरू करायचो.

बागमालकाला मी जाऊन भेटले. म्हणाला, "बाई, दुपारी वारं सुटतं, निम्मं औषध उडून जातं. सकाळशिवाय जमत नाही." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी त्या वर्षी पोरं यायच्या आत फवारणी उरकायची त्याने खटपट केली. पंधरा दिवस पाळलं. मग अवकाळी झाला, डावनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आली, आणि डावनीच्या दिवसांत घड्याळ बघत बसलं तर वर्षाचं पीक हातचं जातं. त्याला मी कोणत्या तोंडाने दोष देऊ?

शाळेच्या कपाटात मी पॅडची पाकिटं ठेवायची. नोकरीच्या सुरुवातीला ती सातवीच्या मुलींना लागायची. शेवटच्या पाच-सहा वर्षांत चौथीच्या वर्गात लागू लागली. नऊ वर्षांची एक पोर मधल्या सुट्टीत रडतच माझ्याकडे आली. झोपाळ्यावरून पडल्यामुळे पोटात काहीतरी फुटलं, असं तिला वाटलं होतं. तिला जवळ घेऊन समजावताना मला शब्द सापडेनात. तिच्या दप्तरात सागरगोटे होते. महिन्याभराने तिच्या आईने मला विचारलं, "बाई, आता किती दिवस शाळेत ठेवायची?" पाळी फार लवकर आली की हाडांची वाढ लवकर थांबते, उंची खुंटते, हे डॉक्टर सांगतात. गल्लीतल्या नजरा कशा बदलतात, स्थळांच्या गोष्टी कशा निघतात, हे आम्हा बायकांना ठाऊक असतं.

एका शाळेच्या कपाटावरून शास्त्र ठरत नाही, हे मला कळतं. पाळी लवकर येण्यामागे आहार, वाढलेलं वजन, आनुवंशिकता अशी बरीच कारणं असतात आणि कित्येकदा कारण सापडतही नाही. पण कोपनहेगनच्या डॉक्टरांनी १९९१ च्या सुमारास तपासलेल्या मुली आणि २००६ नंतरच्या मुली ताडून पाहिल्या, तेव्हा स्तनांची वाढ सरासरी एक वर्षाने अलीकडे आलेली दिसली. वजनाचा हिशेब घालूनही हा फरक उलगडला नाही. संशोधकांचा संशय ज्यांच्यावर आहे, त्यात संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, कामात ढवळाढवळ करणारी रसायनं आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांच्या २०१२ च्या अहवालाने अशी ज्ञात किंवा संशयित रसायनं सुमारे ८०० सांगितली. काही कीडनाशकांत आहेत, काही प्लॅस्टिकमध्ये, काही खेळण्यांत आणि सौंदर्यप्रसाधनांत.

संप्रेरक म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यात वेगळं शिकवावं लागत नाही. घड पोपटी झाला की जी.ए.चा, म्हणजे जिबरेलिक आम्लाचा, स्प्रे घ्यायचा. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम, म्हणजे १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग). मणी बाजरीएवढा, ज्वारीएवढा झाला की पुन्हा. चार दिवस इकडचे तिकडे झाले तर तोच ग्रॅम घडाचा आकार बिघडवतो. मात्रा आणि वेळ, या दोन गोष्टींवर आमचं अख्खं वर्ष उभं असतं. (जी.ए. हे झाडाचं संप्रेरक आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही.) माणसाचं शरीर याहून कितीतरी नाजूक मापावर चालतं. त्या १० पीपीएमचा दहा लाखावा भाग घ्या. लहान मुलीच्या रक्तात इस्ट्रोजेन तेवढंही धड नसतं. आणि एवढ्याशावर तिचं शरीर थांबायचं की पुढे जायचं ते ठरवत असतं.

रात्री उसाला पाणी देताना दारं धरणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, पाटाचं कुठलं दार कधी मोडायचं (उघडायचं) आणि कधी लावायचं. संप्रेरकं शरीरात हेच काम करतात. बाहेरून आलेलं रसायन भलत्या वेळी दार मोडतं, कधी उघडं दार बुजवतं, तर कधी वरून येणारं पाणीच अडवतं. मोठं पीक एखाद्या वेळी तगून जातं. कोवळ्या रोपाचं तसं नसतं. शिवाय मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त खातं, जास्त पितं, जास्त श्वास घेतं, मातीत खेळतं आणि तोच हात तोंडात घालतं.

मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचंच बघा. ते आमच्या घराघरांत आहे. दुकानात नुसतं एम-४५ म्हटलं तरी मिळतं. त्याचं विघटन होऊन इथिलिन थायोयुरिया, थोडक्यात ईटीयू, तयार होतं. आयोडीनपासून संप्रेरक बनवणारं थायरॉईडमधलं विकर (एन्झाइम) हे ईटीयू अडवतं. पोटातलं बाळ पहिले तीन महिने आईच्याच थायरॉईडवर विसंबून असतं आणि मेंदूची घडण त्याच काळात सुरू होते. हीच ग्रंथी सांभाळावी म्हणून देशाने १९६२ पासून गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम चालवला, खेड्यापाड्यांत आयोडीनचं मीठ पोचवलं. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबची मान्यता संपवली. संप्रेरकांतला बिघाड आणि प्रजननाला असलेला धोका, ही त्यामागची कारणं होती.

कोस्टा रिकात केळीच्या बागांवर हेच मॅन्कोझेब विमानाने फवारतात. तिथल्या संशोधकांनी बागांजवळ राहणाऱ्या साडेचारशेच्या आसपास गरोदर बायकांची लघवी तपासली. इतरत्र सर्वसाधारण लोकांत जेवढं ईटीयू आढळतं, त्याच्या पाचपटीहून जास्त त्यांच्यात निघालं. आणि घर बागेला जितकं जवळ, तितकं जास्त. हा निष्कर्ष वाचला तेव्हा मला माझ्या शाळेमागचं तारेचं कुंपण दिसलं.

मोठ्या मुलीच्या वेळी पाचव्या महिन्यात मी बागेत थिनिंग (घडातले जादा मणी काढणं) करत होते आणि शेजारच्या ओळीत पंप चालू होता. थायरॉईडची गोळी मला २२ वर्षांपासून चालू आहे. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडत नाही. जोडता यायचाही नाही, कारण तेव्हा कुणी काही मोजलं नाही. आजही मोजत नाही. माझं सगळं दुखणं या एका गोष्टीत आहे.

मोजलं की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळात कासारगोडला काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारत. मुलांमध्ये काहीतरी बिघडतंय, हे तिथले लोक ओरडून सांगत होते. शेवटी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गावात जाऊन मुलं तपासली. फवारणीच्या गावातल्या मुलग्यांचं वयात येणं लांबलेलं दिसलं; तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एन्डोसल्फानवर बंदी घातली. आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीत माणसं दगावली, तेव्हा चौकशी बसली. पण संप्रेरकांचं नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ते दहा वर्षांनी चौथीच्या वर्गात दिसतं, कधी आणखी वीस वर्षांनी डॉक्टरकडे मूल होत नाही म्हणून गेलेल्या जोडप्यात दिसतं. तोवर फवारणीची वही रद्दीत गेलेली असते.

औषधांवरची बंदी दिल्लीच्या हातात आहे, हे मला माहीत आहे. केंद्राने २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात मॅन्कोझेब होतं, क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक होतं, उसात तणासाठी मारतात ते ॲट्राझिनही होतं. २०२३ च्या आदेशात बंदी मोजक्याच नावांवर आली आणि ही तिन्ही आजही दुकानात आहेत. तो मुद्दा तुम्ही वर मांडावा, ही विनंती आहेच. पण जिल्ह्यात होण्यासारखं आहे, त्यासाठी हे पत्र आहे.

महोदय, २०१० साली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाटच्या (वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या) अंशामुळे युरोपात अडकली. कितीतरी बागायतदार बुडाले. त्यानंतर आमच्या माणसांनी किती शिस्त लावून घेतली, ते मी घरात पाहिलं आहे. निर्यातीच्या बागेची कृषी खात्याकडे नोंदणी होते, प्रत्येक फवारणीची तारीख लिहून ठेवतात, पीएचआय (शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायचे दिवस) पाळतात, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल चांगला आला तरच कंटेनर निघतो. म्हणजे हे करायचं कसं, ते सांगली जिल्ह्याला शिकवावं लागणार नाही. पण त्याच ओळीतला लोकलचा माल सांगली-मिरजेच्या गाड्यांवर येतो, तेव्हा त्याचा अहवाल कुणी मागत नाही. रॉटरडॅमच्या मुलासाठी जी काळजी आम्ही घेतो, ती मिरजेच्या मुलाच्या वाट्याला का येऊ नये?

प्लॅस्टिकबद्दल थोडकं लिहिते, कारण त्याला संशोधनाची वाट बघायची गरजच नाही. गरम आमटी, गरम चहा पातळ पिशवीत बांधून देतात आणि घरी बाळंतीण तेच घेते. उष्णता आणि तेल लागलं की प्लॅस्टिकमधली रसायनं अन्नात जास्त उतरतात. काही प्लॅस्टिकमध्ये असणारं बिस्फेनॉल-ए हे रसायन रोज किती पोटात गेलं तर चालेल, ती मर्यादा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये एकदम २० हजार पटीने खाली आणली. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटलीत ते चालत नाही, असं मानक आहे. बाकी डबे-पेल्यांचं काय? अंगणवाडीत, शाळेत, सरकारी दवाखान्याच्या प्रसूती विभागात शिजलेलं गरम अन्न फक्त स्टीलमध्ये वाढायचं, एवढा आदेश एका सहीने निघू शकतो.

बाकीचं थोडं जास्त कष्टाचं आहे. कृषी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालविकास, अन्न व औषध प्रशासन, यांना एका टेबलाभोवती बसवायचा अधिकार जिल्ह्यात तुमच्याइतका कुणाला नाही. जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनेचं शीर्ष आहे. त्यातून मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला एक काम द्या. द्राक्षपट्ट्यातल्या काही गावांतली मुलं आणि गरोदर बायका घ्या, भाताच्या शिराळ्यातल्या काही गावांतल्या घ्या, आणि दोन्हीकडे लघवीतलं ईटीयू व रक्तातलं थायरॉईड मोजा. छाटणीच्या आधी एकदा, फवारण्या जोरात असताना एकदा. काही निघालं नाही तर सगळ्यात आधी पेढे मी वाटीन.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासतात. त्यांच्या नोंदीत आणखी दोन रकाने आखा: आठ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या का, आणि मुलीला पहिली पाळी कितव्या वर्षी आली. नाव गुप्त ठेवा, गाव लिहा. पाच वर्षांत आपल्यापाशी नकाशा तयार होईल. सांगलीच्या बाजारातल्या लोकल द्राक्षांचे नमुने मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे पाठवा आणि आलेले आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

शाळा आणि अंगणवाडीला लागून बाग असेल तिथे मधे दाट शेवरी किंवा बांबू लावायला शेतकऱ्याला पैसे द्या. त्याच्यावर दंड लावू नका, तो आधीच वाकला आहे. फवारणीच्या आदल्या रात्री त्याने मुख्याध्यापकांना एक मेसेज टाकावा. तेवढी सकाळ मुलं आत बसतील, खिचडी उशिरा चढेल. गरोदर बाई त्या दिवसांत बागेत येणार नाही आणि तिची मजुरी रोजगार हमीतून किंवा कुठूनही भरून निघेल, अशी सोय करा. नाहीतर ती येणारच, तिला दुसरा इलाज नाही. औषधाचे रिकामे कॅन परत घ्यायची जागा प्रत्येक गावात हवी. त्यात डिझेल साठवतात, बी ठेवतात, आणि पाणीही भरलेलं मी पाहिलं आहे.

येत्या नोव्हेंबरात एका सकाळी शाळेत या. लवाजमा नको, पुष्पगुच्छ नको. मुलांच्या रांगेत परिपाठाला उभे राहा. कोणत्या दिवशी ते मी कळवीन. फवारणीचं वेळापत्रक आमच्या सोप्यात भिंतीला चिकटवलेलं असतं.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. तासगाव, जि. सांगली