बाबा, दूझेचा दाखला अर्धाच दिलात

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

आधी सांगूनच टाकते. नाटकाच्या कोकणच्या दौऱ्याला बाबा येणार नाहीत, असं व्यवस्थापकांना मी काल कळवलं. बाबा, रागवा, पण पत्र पुरं वाचा.

फोनवर तुम्ही इटलीच्या नटीचा, एलेओनोरा दूझेचा, दाखला दिलात. १९०९ला रंगभूमी सोडलेली बाई १९२१ला, बासष्टाव्या वर्षी, तुरिनला इब्सेनच्या नाटकात पुन्हा उभी राहिली. खरंय. पण महायुद्धात तिची पुंजी बुडाली होती, बाबा. तुमची पेन्शन एक तारखेला जमा होते.

आणि पुढचं? फुप्फुसं आधीच अधू. १९२३च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कहून अमेरिकेचा दौरा निघाला. १९२४च्या एप्रिलात पिट्सबर्गला थिएटरचं मागचं दार बंद होतं म्हणतात. ती पावसात भिजली आणि तरी प्रयोग केला. नाटकाचं नावही 'बंद दार'! २१ एप्रिलला हॉटेलातच गेली, न्यूमोनियाने. प्रयोग अडीच तासांचा असतो, उरलेले साडेएकवीस तास दौऱ्याचे. ओली गादी, रात्रीची गाडी, गार जेवण. तुमच्या कामाला मी नाही म्हणतच नाहीये. या साडेएकवीस तासांना म्हणतेय.

लंडनला १८९५मध्ये 'माग्दा' नाटकात ती नायिका होती; नाटकातला जुना प्रियकर समोर आला आणि रंग न लावलेल्या तिच्या चेहऱ्यावर लाली चढली. समीक्षक बर्नार्ड शॉने ते लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ठाऊक. तिचा सिनेमा एकच, १९१६चा 'चेनेरे', म्हणजे राख. त्यातही जवळून घेऊ नका, सावलीत ठेवा, असा तिचा हट्ट. मूकपट, म्हणजे आवाजही नाही. एवढ्या बाईचं हलतं चित्र तेवढंच. तुमच्याबद्दल लिहायला तर शॉसुद्धा नाही.

म्हणून दुसरंही ठरवलंय. तुमचं काम चित्रित करायचं. खोली तळमजल्यावरची, जिना नाही. रोज एकच प्रवेश, चाळीस मिनिटं. दोन कॅमेरे: एकात पूर्ण उभे दिसाल, दुसरा चेहऱ्यावर. 'लांबून घ्या' चालणार नाही. माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, म्हणून वेळ सकाळी सातची. माइक सदऱ्याच्या बाहेर; आत लावला की कापड घासतं. पावडर अजिबात नको, खोकला उसळतो.

आई, थर्मासमध्ये कोमट पाणी घे. श्वासाचा पंप स्पेसरची नळी लावूनच, आणि नंतर चूळ भरायला लाव. नुसतं 'घेतला' म्हणतील, ऐकू नकोस. समोरची वाक्यं तूच दे, दुसऱ्या कुणाच्या वाक्यावर त्यांची नजर तशी वळत नाही. दूझेही फिरत्या कंपनीतच जन्मली, विजेव्हानोच्या मुक्कामात. वाचताना तुझ्या शालूचा वास आला. विंगेतली ती ट्रंक, आणि वर मुटकुळं करून झोपलेली मी.

बाबा, व्यवस्थापकांना परस्पर फोन करायचा नाही. मला कळतंच. तारीख रविवारी सांगते. तोवर दाढी काढू नका.

तुमची,
छकुली