उद्यमनगरच्या मामांना, कानस परत करण्याआधी

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

परवा बुलेटचं पासिंग झालं, पुढची पाच वर्षं बघायला नको. आरटीओत साहेबांनी चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेल्या नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली आणि एकेक आकडा स्वच्छ उमटला. तेव्हा तुमचा त्या दिवशीचा आवाज कानात घुमला. हँडलच्या गळ्याजवळचा गंज काढायला मी ग्राइंडर नेला होता आणि तुम्ही शेडच्या दुसऱ्या टोकाहून ओरडला होता, "आरं, तितं घासू नगंस! तुज्या गाडीचं आधार कार्ड हाय ते!" तिथे तुम्ही ग्रीस फासलंत, वर चिकटपट्टी गुंडाळलीत आणि रंगाचं काम संपेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाहीत. नंबर पुसट झाला असता तर तो मीच खोडला नाही हे पटवून देता देता माझ्या नाकी नऊ आले असते.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण जुन्या गाडीची चेसी घासायला बसणारा मी काही एकटा नाही.

अण्णांची ही बुलेट १९८६ सालची. पंचवीस वर्षं तिच्यावरून दुधाचे कॅन डेअरीला गेले. कॅनच्या स्टँडसाठी मागच्या नळीला दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या वेल्डिंग केलेल्या होत्या. अण्णा गेल्यावर गाडी गोठ्यात उभी राहिली. मला त्या पट्ट्या उतरवून नळी मूळची होती तशी गोल करायची होती. दोन व्हिडिओ बघितले, चार इंची ग्राइंडर आणला, त्याला सहा मिलीमीटरचं जाड व्हील लावलं आणि भिडलो. पट्टी गेली, वेल्डिंग गेलं, आणि त्याच झटक्यात नळीही खाल्ली गेली. लोखंड निळं पडलं ते वेगळंच.

चेसी टेम्पोत घालून तुमच्याकडे आणली तेव्हा तुम्ही आधी काहीच बोलला नाहीत. अंगठ्याचं नख नळीवरून फिरवलंत. ते खाचेत अडकलं. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "आत पोकळ हाय न्हवं ती? भरीव सळी समजून लागलास की." मी पुट्टी भरू का विचारलं तर हसलात. पुट्टीनं डोळा फसतो, वजन नाही फसत. तुम्ही सीओटू वेल्डिंगनं, म्हणजे वायूच्या आवरणात बारीक तार वितळवून, खाचेत नेमकी एक बारीक ओळ भरलीत आणि उरलेलं काम माझ्या गळ्यात मारलंत. त्याबद्दल तर जास्तच आभार.

दुसरी बाजू तुम्ही माझ्याकडून करून घेतलीत. पट्टी आधी एक मिलीमीटरच्या कटिंग व्हीलनं कापायची, तीही नळीला न चिकटता, दोन मिलीमीटरचा खुंट ठेवून. हे व्हील सरळच चालवायचं. त्याच्या कडेनं घासायला गेलं की ते फुटतं आणि तुकडे कुठे जातील याचा नेम नाही. मग खुंटावर ६० नंबरची फ्लॅप डिस्क, म्हणजे घासकागदाच्या पाकळ्यांची चकती, जोर न देता, हात सतत हलता ठेवून. खुंट केसभर उरला की तुम्ही सरळ प्लगच काढलात. मला वाटलं लाईट गेली.

पुढचं सगळं कानशीवर. सपाट बाजू नळीच्या गोलाईवरून ओघळल्यासारखी फिरवायची, अर्धगोल बाजू दोन नळ्या मिळतात त्या कोपऱ्यासाठी. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. दातांत कीस अडकू नये म्हणून आधी खडू घासायचा. तासाभरात माझे खांदे भरून आले आणि तुम्ही चहा पीत एवढंच म्हणालात, "मशीन विचारत न्हाई, कानस विचारती."

मग एमरी कापडाची, म्हणजे घासकागदासारख्या खरखरीत कापडाची, लांब पट्टी नळीला अर्धा वेढा देऊन, दोन टोकं धरून, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी ओढायची. आधी ८० नंबर, नंतर १२०. नळी काय सुरेख गोल आली! मी खूश होऊन हात थांबवला तर तुम्ही परत बसवलंत. आडवे ओरखडे ठेवायचे नाहीत, नळी हादरे खाते आणि चीर आडव्या ओरखड्यातूनच सुरू होते. म्हणून शेवटचे हात नळीच्या लांबीनं. हे मला एकाही व्हिडिओत दिसलं नव्हतं.

आणि ती व्हीलं! दुकानदारानं स्वस्तात दिलेला गठ्ठा तुम्ही हातात घेतलात, मधल्या पत्र्याच्या कडीवरची तारीख चष्मा वर करून वाचलीत आणि सगळा गठ्ठा भंगारात टाकलात. व्हीलला बांधणारं राळेसारखं रसायन जुनं झालं की कमजोर होतं, म्हणून त्यावर मुदत छापतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्या दुकानदारालाही नसावं, असं आपलं चांगलं बोलू.

जुलै होता. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं असतं तर सकाळी तांबूस झालं असतं, म्हणून रात्री नऊपर्यंत थांबून रेड ऑक्साईडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या रंगाचा, हात मारायला लावलात. घरी मामी जेवायला खोळंबल्या होत्या, त्यांनाही माझा नमस्कार सांगा. पैसे विचारले तर म्हणालात, वेल्डिंगचे दे, शिकवल्याचे घेत नाही.

आईनं परवा त्या नळीवरून हात फिरवला. पट्ट्या कुठे होत्या ते तिला शोधावं लागलं. मग म्हणाली, कॅन बांधायचं आता काही उरलं नाही बघ. त्या दोन पट्ट्या मी टाकलेल्या नाहीत, गोठ्यातल्या खुंटीला लटकवल्यात.

रविवारी गाडी दाखवायला येतोय. तुमची अर्धगोल कानस अजून माझ्याकडेच आहे, तीही आणतो. दातांत खडू घासून ठेवलाय.

तुमचा,
दुधाच्या बुलेटवाला