सातव्या क्रमांकाचा हिशेब

फुट्सक्रे, मेलबर्न
२० नोव्हेंबर २०१६

प्रिय मित्र सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

वि. वि. तुझे पत्र आणि सोबतचे दोन दिवाळी अंक गेल्या मंगळवारी पोचले. अंक अजून उघडलेले नाहीत, कारण पत्रातले एक वाक्य आठवडाभर डोक्यात घोळते आहे. आमच्या वेस्टर्न बुलडॉग्ज या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या संघाने १ ऑक्टोबरला लीगचे अजिंक्यपद मिळवल्याची बातमी तू कुठेतरी वाचलीस आणि ‘सातव्या क्रमांकाचा संघ विजेता होतो, हा निव्वळ चमत्कारच’ असे लिहून मोकळा झालास. इथली वर्तमानपत्रेही दीड महिना हाच शब्द वापरत आहेत, तेव्हा तुला एकट्याला दोष देत नाही. पण एकवीस हिवाळे या संघापायी घसा बसवून घेतलेल्या माणसाला तो शब्द झोंबतो. चमत्कार म्हटले की ज्यांनी हाडे मोडून घेतली त्यांचे श्रेय परस्पर देवाच्या नावावर जमा होते.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. फेकायला मात्र मनाई. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोहोंतून चेंडू लाथेने पार झाला तर गोल, म्हणजे सहा गुण, आणि बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, म्हणजे एकच गुण. ‘हाताने खेळतात त्याला फुटबॉल कसा म्हणायचा’ हा तुझा आक्षेप पोचला. कोल्हापूरच्या माणसाने तो घ्यावा हे रास्तच आहे. पण शाहू स्टेडियमवर पाटाकडीलचा सामना असला की अख्ख्या पेठेत घरचे कार्य असल्यासारखी लगबग चालते ना, तसेच हे फुट्सक्रे. कारखान्यांचे, गोदीचे, परदेशातून आलेल्या कामगारांचे हे उपनगर. १९९५ साली मी इथे लेथवर कामाला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मशीनवरच्या माणसाने मला विचारले होते, ‘कुठल्या संघाचा?’ मला उत्तर देता येईना, तेव्हा त्यानेच ते ठरवून टाकले.

आता हिशेबाकडे येतो. यंदा लीगमध्ये अठरा संघ होते, प्रत्येकी बावीस सामने झाले आणि पहिले आठ बाद फेरीत गेले. यंदा तक्त्यावर पहिल्या तिघांचे, म्हणजे सिडनी, जिलाँग आणि हॉथॉर्न यांचे, सतरा-सतरा विजय होते. पुढच्या तिघांचे सोळा-सोळा आणि आमचे पंधरा. पहिला आणि सातवा यांत अवघे दोन विजय! आठव्या नॉर्थ मेलबर्नचे बारा होते, म्हणजे खरी दरी आमच्या पायाखाली होती, डोक्यावर नव्हती. इतका साधा तक्ता कोणी नीट वाचला नाही, याचे मला अजून नवल वाटते.

आणि ते पंधरा विजय कोणत्या स्थितीत मिळवले ते पाहा. १० एप्रिलला, तिसऱ्याच फेरीत, हॉथॉर्नविरुद्धच्या सामन्याला मी डॉकलंड्सच्या मैदानावर होतो. शेवटच्या मिनिटांत आमचा कर्णधार बॉब मर्फी चेंडूसाठी उडाला आणि खाली येताना त्याचा गुडघा वळला. तो दोन्ही हातांनी गुडघा धरून बसला, आणि आमच्या बाजूची माणसे एकाएकी गप्प झाली. आम्ही तो सामना तीन गुणांनी हरलो, पण बाहेर पडताना निकालाबद्दल कोणी बोलत नव्हते. मर्फी तेव्हा तेहतीस वर्षांचा होता, सतरा मोसम याच क्लबात काढलेले. गुडघ्याचे अस्थिबंध तुटले, त्याचा मोसम संपला. पुढे जुलैत मिच वॉलिसचा पाय सेंट किल्डाविरुद्ध मोडला, तोही असा की मैदानावरच्या खेळाडूंनी तोंडे फिरवली, आणि त्याच सामन्यात जॅक रेडपाथचा गुडघा गेला. जोहानिसन, मॅक्रे, लिबरेटोर हेही आलटून-पालटून दुखापतग्रस्त. दर गुरुवारी संघाची यादी जाहीर झाली की मी आधी कोण नाही ते पाहायचो.

हे सारे सोसूनही संघ कोसळला नाही, याचे श्रेय मी प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांना देतो. २०१४च्या अखेरीस या क्लबाची काय दशा होती हे तुला तेव्हाच कळवले होते: कर्णधार रायन ग्रिफन सिडनीतल्या नव्या जायंट्सकडे निघून गेला, पाठोपाठ प्रशिक्षकही गेले. बेव्हरिज याच क्लबाकडून पूर्वी खेळलेले. हौशी लीगमधल्या एका संघाला ओळीने तीन विजेतेपदे मिळवून देणारे आणि नंतर हॉथॉर्नमध्ये साहाय्यक राहिलेले. त्यांनी कोणाची जागा ‘राखीव’ ठेवली नाही. बचावातला माणूस पुढे, पुढचा मध्ये, आणि सगळ्यांना एकच शिस्त: चेंडूभोवती झुंड करायची आणि मुठीने झटपट पुढे सरकवायचा. अवघा १६८ सेंटिमीटरचा, हेल्मेट घालून खेळणारा केलब डॅनियल दुसऱ्या एखाद्या क्लबात फळीवरच राहिला असता. इथे त्याच्या हातून चेंडू सुटला की बहुधा योग्य माणसापाशीच जायचा. गडी बदलला तरी खेळ तोच राहतो, अशी ही घडण होती.

बाद फेरीआधी यंदा प्रथमच एक आठवडा सुट्टी दिली होती. गेल्या वर्षी दोन क्लबांनी शेवटच्या साखळी सामन्यात मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली म्हणून लीगने हा बंदोबस्त केला. अनेकांनी नाके मुरडली, मीही मुरडली. प्रत्यक्षात त्या आठवड्यामुळे आमचे मॅक्रे आणि लिबरेटोर परत आले. नशिबाचा वाटा कुठे होता असे विचारशील, तर तो इथे होता, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

मग पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला ४७ गुणांनी हरवले. सगळे पंडित आमची बोळवण करायला बसले होते. पुढच्या आठवड्यात एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, ओळीने तीन वर्षे विजेता ठरलेल्या हॉथॉर्नला २३ गुणांनी. या दोन सामन्यांविषयी पानेच्या पाने लिहिता येतील, पण मला तुला तिसऱ्याकडे न्यायचे आहे.

तो सामना २४ सप्टेंबरला सिडनीत, जायंट्सविरुद्ध होता. आमच्या भीतीचे कारण समजून घे. १९६१च्या अंतिम सामन्यानंतर हा क्लब सात वेळा अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत गेला आणि सातही वेळा तिथूनच परतला. १९९७ साली मी स्वतः एमसीजीवर होतो: मध्यंतराला अॅडलेडवर ३१ गुणांची आघाडी, आणि शेवटी दोन गुणांनी पराभव. त्या दिवशी टोनी लिबरेटोर (आताच्या लिबरेटोरचा बाप) गोल झाला म्हणून हात उंचावून धावला आणि पंचांनी बिहाइंड दिला. तो हात आम्हा लोकांच्या डोळ्यांसमोरून गेली एकोणीस वर्षे हललेला नाही. शिवाय जायंट्स म्हणजे लीगने २०१२ साली उभा केलेला, उत्तमोत्तम तरुण खेळाडू निवडण्याचे झुकते माप मिळालेला क्लब; आमचा ग्रिफन तिथे, त्यांचा एक कर्णधार कॅलन वॉर्ड हाही मूळचा आमचाच. १९८९ साली ज्या क्लबाला पैशांअभावी फिट्झरॉय क्लबात विलीन करायला निघाले होते, आणि ज्याला इथल्या लोकांनी डबे खुळखुळवून, कोर्टात जाऊन वाचवले, त्याच्या माणसांना असा क्लब पाहून काय वाटत असेल ते तूच समज.

शेजारच्या मुलाबरोबर मी गाडीने निघालो. जवळजवळ नऊशे किलोमीटर. ह्यूम महामार्गावरच्या प्रत्येक पेट्रोल पंपावर लाल-पांढरे-निळे मफलर. अनोळखी माणसे हाताला हात लावून पुढे जात होती, वारीच्या वाटेवर असते तसे. मैदान लहान, वीस-बावीस हजारांचे. क्ले स्मिथने चार गोल केले. तेवीस वर्षांच्या या मुलाच्या गुडघ्यावर तीनदा शस्त्रक्रिया झालेली, आणि त्याच आठवड्यात त्याचा जिवलग मित्र वारलेला. शेवटच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चौथ्या भागात, आम्ही मागे पडलो होतो. सरतेशेवटी मॅक्रेपाशी चेंडू आला, आणि मॅक्रे हा गोलवर नेम धरण्याबाबत आमच्यात अजिबात विश्वासाचा मानला जात नाही. मी खाली मान घातली. माझ्या पुढच्या बाईंच्या खांद्यांवरून मला कळले की गोल झाला. ८९ विरुद्ध ८३.

अंतिम सामन्याचे तिकीट सोडतीत मला लागले नाही. शेजारच्या आजोबांकडे बसून सामना पाहिला, आणि आता वाटते की बरे झाले. ते बहात्तर वर्षांचे आहेत. १९५४ साली क्लबाने यंदाच्या आधीचे आपले एकमेव विजेतेपद मिळवले, मेलबर्नला १०२–५१ असे हरवून, तेव्हा दहा वर्षांचे असताना वडिलांच्या बोटाला धरून ते मैदानावर होते. टीव्हीचा आवाज बंद करून ते रेडिओवरचे समालोचन ऐकतात. रेडिओ चित्राच्या किंचित पुढे धावतो, त्यामुळे गोल आधी कानांना कळतो आणि मग डोळ्यांना दिसतो. मांडीवर फुट्सक्रे असे क्लबाचे तेव्हाचे नाव विणलेला जुना मफलर, कडांना उसवलेला.

समोर सिडनी स्वान्स, तक्त्यावरचा पहिला संघ. मध्यंतराला ते दोन गुणांनी पुढे, तिसऱ्या क्वार्टरअखेर आम्ही आठांनी. शेवटच्या क्वार्टरमध्ये जोहानिसनने लांबून मारलेला चेंडू खांबांतून गेला, एमसीजी उठून उभे राहिले, आणि मग पंचांनी व्हिडिओ मागवला. चेंडूला वाटेत बोट लागले होते, गोल रद्द. आजोबा माझ्याकडे न पाहता एवढेच म्हणाले, ‘सत्त्याण्णव.’

त्यानंतर जे घडले त्याला तू चमत्कार म्हणशील. लान्स फ्रँकलिन हा स्वान्सचा सर्वांत धोकादायक खेळाडू चेंडू घेऊन वळला, आणि तेहतीस वर्षांच्या डेल मॉरिसने त्याला मागून मिठी मारून पाडले. मॉरिसच्या पाठीचा मणका मोडलेला होता, हे आम्हाला सामन्यानंतर कळले. निसटलेला चेंडू टॉम बॉइडच्या हातात पडला. हा बॉइड म्हणजे ग्रिफनच्या बदल्यात आलेला मुलगा; त्याच्याशी सात वर्षांचा, सुमारे सत्तर लाख डॉलरचा करार झाल्यावर गावभर त्याची टिंगल झाली होती. त्या टिंगलीत मीही होतो. माझी जुनी पत्रे जपून ठेवली असशील तर पुरावा तुझ्याकडेच आहे. त्याने अंदाजे साठ मीटरवरून लाथ हाणली, चेंडू रिकाम्या गोलासमोर टप्पे खात गेला, आणि आजोबांच्या रेडिओने ते आम्हाला दोन टप्पे आधीच सांगितले. लियाम पिकनने अखेरचा गोल केला. ८९–६७. जोहानिसनला सामन्याचा मानकरी म्हणून नॉर्म स्मिथ पदक मिळाले. माझ्या मते ते बॉइडला शोभले असते, पण यावर भांडण नको.

स्वान्सवाले फ्री किकचा हिशेब मांडतात: आम्हाला वीस, त्यांना आठ. आकडा खरा आहे. झुंडीत शिरून चेंडू आधी गाठणाऱ्याला फ्री किक जास्त मिळतात, हे माझे उत्तर. मात्र मर्फीच्या गैरहजेरीतला आमचा कर्णधार ईस्टन वूड घसरत येऊन त्यांच्या हॅनेबेरीच्या पायांवर आदळला आणि हॅनेबेरीचा गुडघा दुखावला, तेव्हा फ्री किक त्यांना मिळायला हवी होती. एवढे कबूल न करणारा बुलडॉग्जवाला माझ्या दृष्टीने खोटे बोलतो.

तू विचारलेस की या वयात मी रडलो कसा. भोंगा वाजला तेव्हा रडलो नाही. आजोबांनी आधी रेडिओ बंद केला, मफलरची घडी घातली, ती पुन्हा उलगडली आणि गळ्यात घातली. तरीही मी ठीक होतो. मग पदके वाटली गेली. अंतिम सामना खेळलेल्यांनाच पदक मिळते, बाकी कोणाला नाही, मग वर्षभर त्याने काहीही केलेले असो. हा नियम कठोर आहे, तरी मला तो बरोबर वाटतो. नाहीतर पदकाला अर्थ राहणार नाही. बेव्हरिजना प्रशिक्षकाचे पदक मिळाले. त्यांनी साध्या कपड्यांत बाजूला उभ्या असलेल्या मर्फीला मंचावर बोलावले, स्वतःच्या गळ्यातले पदक काढून त्याच्या गळ्यात घातले, आणि हे तुझेच आहे, असे सांगितले. नियम मोडला नाही आणि न्यायही केला. मग मर्फी आणि ईस्टन वूड यांनी मिळून चषक उचलला. त्या वेळी मी आजोबांच्या स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ चहाचे आधण ठेवत होतो.

दुसऱ्या दिवशी व्हिटन ओव्हलवर, क्लबाच्या जुन्या मैदानावर, चषक पाहायला लोटलेली गर्दी पाहून मला आपल्या गावातले विसर्जन आठवले, फक्त इथे कोणालाच मूर्ती पाण्यात सोडायची नव्हती. आजोबांना चाकाच्या खुर्चीवरून नेले होते. लोकांनी आपणहून वाट करून दिली.

पुढच्या वर्षाविषयी मी सावध आहे. प्रत्येक संघ आता आमचा मुठीचा खेळ अभ्यासून येईल, आणि बाद फेरीतला तो महिना सगळ्यांच्या अंगातून बरेच काही काढून गेला आहे. पण मर्फी आणखी एक वर्ष खेळतो आहे, आणि मला तेवढे पुरे आहे. पहिला सामना २४ मार्चला, शुक्रवारी रात्री, कॉलिंगवूडविरुद्ध. तुझी मुलगी मार्चमध्ये परीक्षेतून मोकळी होत असेल तर दोघेही या. तिकिटाचे मी पाहतो. आजोबांनी तुझ्यासाठी रेडिओशेजारची खुर्ची आताच ठरवून ठेवली आहे.

सौ. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
दत्ता