लिफ्ट होईल तेव्हा होईल, आधी भिंतीला कठडा लावा

महोदय,

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांत लिफ्ट नसलेल्या तीन मजली सोसायट्या अजून बऱ्याच आहेत. तिथले मूळ सभासद आता सत्तरी-ऐंशीत आहेत. पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षे चालतात आणि तोवर जिना आहे तसाच राहतो. वर राहणारे वृद्ध हळूहळू खाली उतरणेच सोडतात.

बहुतेक जिन्यांना कठडा एकाच बाजूला असतो. चढताना डाव्या हाताला येणारा कठडा उतरताना उजव्या हाताला येतो. अर्धांगवायूने एक हात दुबळा झालेल्या माणसाला त्यामुळे एका दिशेला आधारच उरत नाही, म्हणून भिंतीच्या बाजूलाही पाइप हवा. तो गोल आणि सुमारे 40 मिलिमीटर जाडीचा असावा. रुंद लाकडी पट्टी किंवा चौकोनी पाइप मुठीत मावत नाही; तोल गेला की हात निसटतो. उंची पायरीच्या कडेपासून 85 ते 90 सेंटिमीटर आणि भिंतीपासून अंतर 5 सेंटिमीटर ठेवावे. पाइप शेवटच्या पायरीच्या अलीकडेच थांबवण्याची चूक सर्रास होते. पायऱ्या संपल्या असे वाटून पाय पुढे पडतो तो नेमका तिथे. पाइप 30 सेंटिमीटर पुढे न्यावा आणि टोक भिंतीकडे वळवावे, म्हणजे पदर किंवा पिशवी अडकणार नाही. ब्रॅकेटचे स्क्रू नुसत्या गिलाव्यात बसवू नयेत, ते विटेत खोल गेले पाहिजेत. अंगाचा सगळा भार झेलायचा आहे.

पायरीच्या कडेला 5 सेंटिमीटरची पिवळी, खरखरीत पट्टी लावावी, कारण मोतीबिंदू असलेल्याला एकाच रंगाच्या पायऱ्या सपाट भासतात. टायमरचे दिवे अर्ध्या जिन्यात विझतात. वेळ वाढवून घ्यावी. चपलांचे स्टँड आणि कुंड्या मात्र आजच हलवता येतील.

हा खर्च लिफ्टच्या मानाने अगदी किरकोळ आहे आणि सामायिक जिन्याचे काम दुरुस्ती निधीतून करता येते. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते व तिची नोटीस 14 दिवस आधी निघते. त्यापूर्वीच हा विषय लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा. ‘पुनर्विकास होणारच आहे, मग आता कशाला?’ हा आक्षेप येईल. पण पडून खुब्याचे हाड मोडलेल्या कित्येक वृद्धांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही, आणि नव्या इमारतीचा ताबा मिळायला अनेक वर्षे लागतात.

– एक वाचक, कोथरूड, पुणे