अमूल्य मदतीला कवडीमोल ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेच्या उत्तरपत्रिकांपासून सोसायटीच्या मानपत्रांपर्यंत मुंबईत 'इन्व्हॅल्युएबल' या इंग्रजी शब्दाचे हाल होतात. 'इन' लागला की अर्थ उलटतो, हे कोष्टक मुलांना तोंडपाठ असते: करेक्टचे इनकरेक्ट, व्हिजिबलचे इनव्हिजिबल. त्याच ओळीत व्हॅल्युएबलही बसवले जाते आणि उत्तर येते 'कवडीमोल'.

कोष्टक खोटे नाही. 'इन' इथेही नकारच आहे, पण तो कशाला लागला ते पाहायला हवे. व्हॅल्युएबलचे अर्थ दोन, 'मौल्यवान' आणि 'मोल ठरवता येण्याजोगे'. नकार दुसऱ्याला लागतो, म्हणजे मोल करताच येणार नाही इतके मोठे. आपला 'अमूल्य' नेमका असाच घडला आहे. मुलाचे नाव अमोल ठेवताना कोणी बिचकत नाही! 'अनर्घ्य'ही त्याच घडणीचा. अर्घ म्हणजे किंमत, आणि 'महार्घ'पासूनच आपला रोजचा 'महाग' आला. फळ्यावर आधी 'अ + मूल्य' अशी फोड करावी आणि तिच्याखाली इंग्रजी शब्द लिहावा. वेगळे पाठांतर लागत नाही.

मूळ लॅटिन धातू 'व्हालेरे', म्हणजे बळकट असणे, किंमत असणे. व्हॅलिड, इक्विव्हॅलंट, रसायनशास्त्रातली व्हॅलन्सी ही सगळी त्याचीच भावंडे. इन्व्हॅल्युएबल इंग्रजीत 16व्या शतकाच्या उत्तरार्धात आला. 17व्या शतकात काहींनी तो 'बिनकिमतीचा' या अर्थानेही वापरला, पण तो अर्थ टिकला नाही. आज त्यासाठी वर्थलेस किंवा व्हॅल्यूलेस आहेत.

वापरातल्या चुका मात्र वेगळ्याच. मदत, सल्ला, अनुभव, मार्गदर्शन यांना इन्व्हॅल्युएबल शोभतो. दुर्मीळ चित्राला किंवा हिऱ्याला प्राइसलेस. मानपत्रात प्राइसलेस जपून लिहावा, कारण बोलण्यात त्याचा अर्थ 'हसून पुरेवाट' असाही होतो. इन्व्हॅल्युएबलनंतर, ज्याला उपयोग झाला त्याच्याआधी 'टू' लिहावे, ज्या कामात झाला त्याच्याआधी 'इन' (हा उपसर्ग नव्हे, सुटा शब्द). 'व्हेरी इन्व्हॅल्युएबल' लिहू नये. ज्याचे मोलच होत नाही ते 'फार' अमूल्य कसे असेल? जोर हवाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली' चालतो. स्पेलिंगमध्ये 'व्हॅल्यू'चा शेवटचा 'ई' गळतो आणि उच्चारात जोर 'व्हॅल'वर येतो. दागिन्यांच्या विम्याच्या अर्जात तर हा शब्द नकोच. तिथे आकडा लागतो, म्हणून 'व्हॅल्युएबल' लिहून व्हॅल्युअरचा, म्हणजे किंमत ठरवून देणाऱ्याचा, दाखला जोडावा.

याहून गंभीर गोष्ट चेंबूर-माहुलच्या रस्त्यावर दिसते. तेलाच्या टँकरवरचा 'इनफ्लेमेबल' हा शब्द त्याच कोष्टकाने वाचला तर 'न पेटणारा' असा होतो. खरे तर तिथला 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिन 'इनफ्लामारे' म्हणजे पेटवणे, त्यावरून तो शब्द आला. हा घोटाळा जिवावर बेतू शकतो, म्हणूनच धोक्याच्या पाट्यांवर आता 'फ्लेमेबल' लिहिण्याकडे कल आहे.

पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्यांना कळकळीची विनंती: उपसर्गांच्या कोष्टकाखाली इन्व्हॅल्युएबल आणि इनफ्लेमेबल या दोन शब्दांची स्वतंत्र चौकट द्या, आणि त्यात 'अमूल्य'ची फोडही छापा.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई